नोंदी कोणाच्या घरी? : एकट्याने सॉफ्टवेअर घडवण्याविषयी

१

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील ऊसतोडीला जात. बारावी होईपर्यंत मी संगणक पाहिला होता तो फक्त रेल्वेच्या तिकीट खिडकीच्या काचेपलीकडे. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढे जे मांडणार आहे ते संगणकाच्या भक्ताचे बोलणे नव्हे. हे यंत्र आपल्या कामाला कोणत्या अटींवर येते आणि त्या अटी कोण ठरवतो, एवढ्या प्रश्नापुरताच हा लेख आहे.

२०१८ साली आमच्या काही विद्यार्थ्यांनी आपापल्या गावांतील म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करायला सुरुवात केली. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडण्याची कामे, सुकडीच्या रांगा, पाणवठ्यावरचे प्रसंग, जात्यावरच्या ओव्या, चामड्याच्या कामातील हत्यारांची नावे. आवाज मोबाइलवर घ्यायचा आणि नंतर तो लिहून काढायचा, अशी पद्धत होती. एका विद्यार्थ्याच्या आजी दोन तास बोलल्या. आपल्या तरुणपणी एका वाड्यावर काय घडले तेही त्यांनी नावानिशी सांगितले. बोलणे संपल्यावर त्यांनी विचारले, "मास्तर, ह्ये समदं कुठं ठिवनार तुमी?"

मी म्हणालो, "संगणकात, आजी."

हे खरे नव्हते. आम्ही त्या नोंदी आमच्या संगणकात ठेवतच नव्हतो. एका कंपनीने इंटरनेटवर फुकट दिलेल्या नोंदवहीत आम्ही त्या भरत होतो. ती कोणत्या देशातील कोणत्या यंत्रावर होती, ती कोणाला उघडता येत होती, हे मलाही ठाऊक नव्हते.

तिसऱ्या वर्षी त्या कंपनीने फुकटची सोय बंद केली. तीस दिवसांत आपला मजकूर उतरवून घ्या असे पत्र आले. ते इंग्रजीत होते आणि परीक्षांच्या धामधुमीत आले. मजकूर आम्ही उतरवला. पण आवाजाच्या जागी फक्त दुवे आले, आणि मुदत संपल्यावर ते दुवे मेले. जवळजवळ निम्मे आवाज गेले. त्यांतील काही माणसे तोवर वारली होती. त्यांच्याकडे पुन्हा जाणे शक्य नव्हते.

त्यानंतर मी स्वतः एक सॉफ्टवेअर लिहायला घेतले. रात्री आणि रविवारी काम करून दीड वर्षाने ते वापरण्याजोगे झाले. आम्ही त्याला साधे 'वही' असे म्हणतो. हा लेख त्या वहीची जाहिरात नव्हे. ते काम करताना जे कळले आणि जेथे मी चुकलो, ते आपल्यासारख्या नोंदी करणाऱ्या, अंक चालवणाऱ्या, शिकवणाऱ्या मित्रांपुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

२

प्रथम एक साधी गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इंटरनेटवरील सेवेत आपण लिहितो तेव्हा अक्षरे आपल्या पडद्यावर दिसतात, पण साठवली जातात ती दूरच्या एखाद्या इमारतीतील यंत्रावर. आपल्याकडे येते ती त्यांची प्रत, आणि तीही बहुधा जोडणी असेपर्यंत. ह्याला 'क्लाउड' म्हणतात. नाव ढगाचे असले तरी तो दुसऱ्याच्या मालकीचा संगणकच असतो. तेथे आपण भाडेकरू असतो. आणि फुकट राहणाऱ्याला तर भाडेकरूचेही हक्क नसतात.

ऑर्कुट आठवून पाहा. २००४ मध्ये गूगलने सुरू केलेली ही सेवा ब्राझील आणि भारत ह्या देशांत विशेष लोकप्रिय झाली होती. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ती बंद झाली. त्याआधी १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाले होते. ह्यांत कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. कंपनीला जमाखर्च असतो. एखादी सेवा परवडेनाशी झाली की ती बंद होते. प्रश्न एवढाच आहे की, आपल्या माणसांच्या आठवणी त्या जमाखर्चावर अवलंबून ठेवायच्या काय?

मग असे वाटते की सर्व काही घरच्या संगणकात ठेवले म्हणजे झाले. पण तेवढ्याने भागत नाही, ह्याचा पुरावा मराठीतच आहे. आमच्या ग्रंथालयाला एका कार्यकर्त्याने आपल्या बंद पडलेल्या अंकाच्या जुन्या सीडी दिल्या. सीडी चालत होत्या, फायली शाबूत होत्या. उघडल्यावर मात्र पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसली. कारण असे की, युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी ज्या फाँटवर होत असे, त्यांत देवनागरी हे केवळ वरचे रूप होते. आत साठवलेले असत ते इंग्रजी अक्षरांचे संकेत. कोणत्या संकेताला 'क' म्हणायचे हे प्रत्येक फाँट बनवणाऱ्याने आपल्या सोयीने ठरवले होते. तो फाँट हरवला की मजकूरही हरवला. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हा राष्ट्रीय मानक संकेत १९९१ साली आला, युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. पण छपाईच्या धंद्यात जुने फाँट त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिले. आपल्या चळवळीतील कितीतरी अंक आणि स्मरणिका आजही अशा फायलींत अडकून पडलेल्या आहेत.

म्हणजे दोन वेगळे धोके आहेत. वस्तू दुसऱ्याच्या घरी असणे हा एक. वस्तू आपल्या घरी असून तिची किल्ली दुसऱ्याकडे असणे हा दुसरा. ह्या दोन्हींतून वाट काढायची असेल तर नोंदी आपल्या यंत्रावर असल्या पाहिजेत, आणि त्या अशा रूपात असल्या पाहिजेत की मूळ सॉफ्टवेअर नाहीसे झाले तरी त्या वाचता याव्यात.

३

ह्या विचाराला २०१९ मध्ये एक नाव मिळाले. 'इंक अँड स्विच' ह्या संशोधन गटाच्या मार्टिन क्लेपमन, अॅडम विगिन्स, पीटर व्हॅन हार्डेनबर्ग आणि मार्क मॅकग्रॅनघन ह्यांनी 'लोकल-फर्स्ट' सॉफ्टवेअरची कल्पना एका निबंधात मांडली. त्यांनी सात कसोट्या सांगितल्या. काम लगेच हाताशी यावे; ते एकाच यंत्रात अडकू नये; इंटरनेट ऐच्छिक असावे; इतरांबरोबर मिळून काम करता यावे; मजकूर दीर्घकाळ टिकावा; खाजगीपणा मुळातच राखलेला असावा; आणि शेवटची मालकी वापरणाऱ्याची असावी. थोडक्यात, मुख्य प्रत तुमच्याकडे, आणि दूरच्या यंत्रावर काही असलेच तर ती दुय्यम प्रत.

ह्यांत खरी अडचण चौथ्या कसोटीची आहे. एकच प्रत दूरच्या यंत्रावर असते तेव्हा कोणाचे म्हणणे खरे, हा प्रश्न ते यंत्र सोडवते. पण सहा विद्यार्थ्यांकडे सहा प्रती असल्या, त्यांतील दोघांनी एकाच नोंदीत दोन वेगळ्या दुरुस्त्या केल्या, तर कोणती धरायची?

सहज सुचणारे उत्तर म्हणजे शेवटची दुरुस्ती खरी मानावी. आमच्या प्रयोगशाळेत हे उत्तर पहिल्याच आठवड्यात कोसळले. जुन्या संगणकांत तारीख सांभाळणारी एक लहान बॅटरी असते. ती संपली की यंत्र दर वेळी सुरू होताना कित्येक वर्षे मागची तारीख दाखवते. आमच्या निम्म्या यंत्रांची ती बॅटरी संपलेली होती. आज केलेली दुरुस्ती यंत्राच्या लेखी दहा वर्षांपूर्वीची ठरत होती आणि जुनी चूक तिच्यावर मात करत होती.

ह्या प्रश्नावर संगणकशास्त्रात बरेच काम झालेले आहे. फ्रान्समधील मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एका विशिष्ट प्रकारच्या रचनांचा सिद्धांत मांडला. ह्या रचनांना 'सीआरडीटी' म्हणतात. नाव अवघड आहे, पण त्यातील सर्वांत साधा प्रकार शालेय गणितात येतो. दोन संचांचा संयोग घ्या. पहिल्यात दुसरा मिळवा किंवा दुसऱ्यात पहिला, उत्तर तेच. तोच संच पुन्हा मिळवा, उत्तर बदलत नाही. हजेरीच्या दोन याद्या एकत्र करताना कोणती यादी आधी घेतली ह्याने मुलांची नावे बदलत नाहीत, तसेच हे आहे.

वहीत मी हेच केले. प्रत्येक नोंदीला जन्मतःच स्वतःचा क्रमांक मिळतो, आणि तो इतका मोठा व यादृच्छिक असतो की दोन यंत्रांवर तोच क्रमांक निघण्याची व्यवहारात भीती नाही. कोणतीही दुरुस्ती जुन्या मजकुरावर लिहिली जात नाही; ती नवी ओळ म्हणून खाली जोडली जाते. त्यामुळे दोन पेन ड्राइव्ह एकत्र करणे म्हणजे दोन संचांचा संयोग घेणे. एकाच शब्दावर दोघांचे दुमत असेल तर वही दोन्ही रूपे शेजारी ठेवते आणि माणसाला विचारते. यंत्राने निवाडा करू नये, हे मी मुद्दाम ठरवले. कारण 'खरे रूप' कोणते हा वाद पुष्कळदा दोन वस्त्यांच्या बोलींतला असतो, आणि दोन्ही रूपे खरी असतात.

४

आता 'नेटिव्ह' ह्या शब्दाविषयी. आजकाल संगणकावरील पुष्कळ सॉफ्टवेअर प्रत्यक्षात वेबसाइटच असतात. 'इलेक्ट्रॉन' नावाच्या साधनाने त्यांच्याभोवती एक आख्खा ब्राउझर बांधून दिलेला असतो. बनवणाऱ्याची त्यात मोठी सोय आहे. एकदा लिहिले की सर्व यंत्रांवर चालते. पण त्या सोयीची किंमत वापरणारा मोजतो. आमच्या प्रयोगशाळेतील काही यंत्रांची स्मृती दोन जीबीची आहे. असे एक सॉफ्टवेअर उघडले की दुसरे काही उघडत नाही. नेटिव्ह सॉफ्टवेअर थेट त्या यंत्रासाठी, त्याच्या भाषेत उतरवलेले असते. त्याला ब्राउझरचे ओझे वाहावे लागत नाही. मी 'सी प्लस प्लस' ही भाषा आणि खिडक्या, बटणे, अक्षरे दाखवण्यासाठी 'क्यूटी' हे खुले साधन घेतले. वही जुन्या विंडोजवर चालते आणि लिनक्सवरही चालते. जुने यंत्र भंगारात काढण्याची वेळ येत नाही, ही गोष्ट आपल्या संस्थांच्या दृष्टीने लहान नाही.

मराठीचे प्रश्न मात्र कोणतेही साधन आयते सोडवत नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येते, आणि 'अ' ला चंद्र जोडूनही लिहिता येते. 'ऱ्हा' मधील अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एकाने 'तऱ्हा' एका रीतीने टाइप केला आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधला, तर उत्तर येते: सापडला नाही. म्हणून शोधण्यापूर्वी दोन्ही बाजूंना एकाच रूपात आणावे लागते. अनुक्रमाचेही तसेच. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो आणि क्ष, ज्ञ शेवटी. युनिकोडच्या क्रमांकाप्रमाणे लावले तर ळ हा ल आणि व ह्यांच्यामध्ये जाऊन बसतो. शब्दसूची करणाऱ्याला हे चालत नाही.

आणखी एक गोष्ट. बहुतेक लेखनसाधने न ओळखलेल्या शब्दाखाली तांबडी रेघ मारतात. पहिल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने आपल्या आजीचे बोलणे लिहून काढले, तेव्हा पान तांबड्या रेघांनी भरून गेले. तिने ते सर्व 'दुरुस्त' करून आणले. 'ठिवलं' चे 'ठेवले' झाले होते, 'पानी' चे 'पाणी' झाले होते. तिची चूक नव्हती. शाळेत आम्हा सर्वांच्या वह्यांवर अशाच तांबड्या रेघा मारल्या गेल्या होत्या, आणि रेघ दिसली की शब्द बदलायचा हे आम्ही शिकलो होतो. वहीत ती रेघ नाही. उलट प्रत्येक शब्दापुढे प्रमाण रूप वेगळ्या जागी लिहिण्याची सोय आहे, म्हणजे 'पाणी' शोधले तरी 'पानी' सापडते आणि आजीचा शब्द जसाच्या तसा राहतो. स्वतःचे सॉफ्टवेअर स्वतः लिहिण्याचा हा एक अर्थ आहे. असे निर्णय कोठेतरी कोणीतरी घेतच असतो; एकदा ते आपण घेऊन पाहावेत.

५

आता माझ्या चुकीविषयी लिहितो.

ज्या आजींनी वाड्यावरची हकीकत सांगितली होती, त्यांचा आवाज सुदैवाने विद्यार्थ्याच्या मोबाइलवर राहिला होता. वही तयार झाल्यावर तो आम्ही तिच्यात घेतला. काही महिन्यांनी आजींनी निरोप पाठवून मला बोलावले. म्हणाल्या, "मास्तर, माझं बोलनं पुसून टाका. पोरगं त्यांच्याच शेतात हाय." मी लॅपटॉप बरोबर नेला होता. त्यांच्या समोर नोंद पुसली. त्यांनी पडद्याकडे पाहिले, आणि चहा ठेवायला सांगितले.

दोन महिन्यांनी एक विद्यार्थी भित्तिपत्रकासाठी मजकूर शोधत होता. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, ही वाड्यावरची आठवण फार जबरदस्त आहे. घेऊ का?" नोंद परत आली होती. मधल्या काळात दुसऱ्या एका मुलाने आपला पेन ड्राइव्ह आणून जोडला होता. त्याच्या प्रतीत ती नोंद होती. संयोग घेताना वहीने प्रामाणिकपणे ती परत आणली. जो गुणधर्म मी वर्गात कौतुकाने शिकवत होतो, त्यानेच हे घडवले. ज्या संचात फक्त भर पडते त्याला विसरणे माहीत नसते.

ते भित्तिपत्रक तसेच लागले असते तर काय झाले असते, ह्याचा विचार मी अनेकदा केला आहे. दुसऱ्या दिवशी मी जाऊन आजींना घडले ते सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. न सांगता चालले असते, पण मग मी आणि ती इंग्रजीतून पत्र पाठवणारी कंपनी ह्यांत काय फरक राहिला असता?

ह्यावर शास्त्रात उपाय आहे. पुसलेल्या नोंदीच्या जागी एक खूण ठेवायची. तिच्यात मजकूर नसतो, फक्त नोंदीचा क्रमांक आणि 'ही काढलेली आहे' एवढेच असते. पुढे कोणत्याही प्रतीतून ती नोंद आली की खूण तिला आत येऊ देत नाही, आणि ती खूण त्या प्रतीत जाऊन तेथील मजकूरही पुसते. इंग्रजीत ह्या खुणेला थडग्यावरच्या दगडाचे नाव आहे. आमचे विद्यार्थी तिला 'रिकामी जागा' म्हणतात.

पण तेवढ्यावर समाधान मानणे बरोबर नव्हते. जी प्रत कधी परत जोडलीच जात नाही, तिच्यापर्यंत खूण पोहोचत नाही. म्हणून कोणाकडे प्रत आहे ह्याची यादी आम्ही कागदी रजिस्टरमध्ये ठेवतो. दुसरे असे की, संगणकात 'पुसले' म्हणजे पुष्कळदा 'ही जागा आता मोकळी समजा' एवढाच अर्थ असतो. नवे काही तेथे लिहिले जाईपर्यंत जुनी अक्षरे तशीच पडून असतात. ती शून्यांनी भरून टाकण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. तिसरे, माणसांची आणि गावांची नावे आता वेगळ्या कुलूपबंद फायलीत असतात. त्या कुलपाचा परवलीचा शब्द दोन व्यक्तींकडे कागदावर आहे. येथे 'पासवर्ड विसरलात काय?' असे बटण नाही. तो शब्द हरवला तर नावे गेली.

घरी ठेवण्याची ही दुसरी बाजू लपवण्याचे कारण नाही. दूरच्या कंपनीवर सोडलेली सर्व जबाबदारी आपल्याकडे येते. डिस्क निकामी होते, लॅपटॉप चोरीला जातो, छत गळते. आम्ही तीन प्रती ठेवतो. एक प्रयोगशाळेत, एक ग्रंथालयाच्या कपाटात, एक दुसऱ्या गावातील एका शिक्षक मित्राकडे. दर महिन्याला त्या उघडून पाहतो. न उघडलेली प्रत ही प्रत धरू नये.

६

एकट्याने हे काम होते काय? होते, पण 'एकट्याने' ह्या शब्दाचा अर्थ नीट लावला पाहिजे.

कोविद गोयल ह्या मूळच्या भारतीय तरुणाचे उदाहरण घ्या. ते अमेरिकेत कॅलटेकमध्ये शिकत असताना सोनी कंपनीचे ई-पुस्तके वाचण्याचे एक यंत्र बाजारात आले. ते लिनक्सवर चालत नव्हते. गोयल ह्यांनी ३१ ऑक्टोबर २००६ रोजी आपल्यापुरते एक सॉफ्टवेअर लिहायला सुरुवात केली. २००८ मध्ये त्याला 'कॅलिबर' हे नाव मिळाले. आज ते जगभर वापरले जाते. पुस्तके वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतात, इंटरनेट नसले तरी काम चालते, आणि त्याची संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते. सुरुवात एका माणसाने आपल्या अडचणीतून केली; संहिता खुली होती म्हणून पुढे अनेक हात लागले.

दुसरे उदाहरण 'एस्क्यूलाइट'चे. डी. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. माहिती पुरवणारी दूरची यंत्रणा बंद पडली की त्यांचे काम अडे. म्हणून २००० साली त्यांनी असा माहितीकोश लिहिला की ज्याला वेगळी यंत्रणा लागतच नाही. सर्व माहिती एका साध्या फायलीत राहते. तो त्यांनी सार्वजनिक मालकीत देऊन टाकला. आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो आहे, आणि अजूनही मूठभर माणसेच तो सांभाळतात. २०५० पर्यंत आधार देत राहण्याचा त्यांचा जाहीर संकल्प आहे. वहीच्या नोंदीही त्याच प्रकारच्या फायलीत आहेत. आमच्याकडे लिहिता लिहिता वीज जाते. एस्क्यूलाइट फायलीत बदल करण्यापूर्वी आधीची स्थिती बाजूला टिपून ठेवतो. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना त्या टिपणावरून फाइल पूर्वपदावर आणतो. हे मी स्वतः लिहायला बसलो असतो तर माझे उभे आयुष्य पुरले नसते.

तेव्हा स्वतंत्र म्हणजे सर्व काही स्वतः केलेले, असा अर्थ घेऊ नये. माहितीकोश, कुलूप, अक्षरांची जुळणी ही कामे दुसऱ्यांनी पक्की करून ठेवलेली आहेत, ती घ्यावीत. पाहायचे ते एवढेच की, ती उद्या आपल्याकडून काढून घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे काय. एस्क्यूलाइट आणि क्यूटी ह्यांचे परवाने तसे करू देत नाहीत.

एकट्याला भोगावे लागते ते वेगळ्याच ठिकाणी. मी वही दुसऱ्या महाविद्यालयातील एका शिक्षिकेला दिली. ती सुरू करताच विंडोजने पडदा अडवून इशारा दिला की प्रकाशक अनोळखी आहे. त्या घाबरल्या, आणि त्यांचे घाबरणे रास्त होते. हा इशारा टाळण्यासाठी दरवर्षी पैसे भरून प्रमाणपत्र घ्यावे लागते. अॅपलच्या यंत्रांसाठी अशीच वर्षाला ९९ डॉलर फी आहे. मोठ्या कंपनीला ही रक्कम जाणवत नाही. पगारातून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला जाणवते. मी प्रमाणपत्र घेतलेले नाही. स्वतः जाऊन किंवा फोनवर समजावून सांगतो. त्यामुळे वहीचा प्रसार सावकाश होतो.

सर्वांत मोठा धोका मात्र मीच आहे. माझी बदली झाली, मी आजारी पडलो, किंवा मला ह्याचा कंटाळा आला, तर काय? नोंदी कंपनीच्या मर्जीतून काढून एका मास्तराच्या मर्जीत ठेवणे ही काही मुक्ती नव्हे. म्हणून तीन गोष्टी केल्या. संहिता खुली केली. नोंदी कोणत्या रूपात साठवल्या आहेत हे दोन पानांत मराठीत लिहून प्रत्येक प्रतीबरोबर ठेवले. आणि वही बंद होताना दर वेळी सर्व मजकूर साध्या लिखित फायलींत आणि आवाज नेहमीच्या ध्वनिफायलींत वेगळा काढून ठेवते. वही नाहीशी झाली तरी कोणत्याही संगणकावर तो वाचता आणि ऐकता येईल. दोन विद्यार्थिनी आता संहितेतून वही स्वतः तयार करतात. त्यांतील एकीने शोधण्याच्या भागातील माझी एक चूक काढून दुरुस्त केली. ती दुरुस्ती मला न विचारता झाली, ह्याचा मला आनंद वाटला.

७

इंटरनेटवरील सर्व सेवा सोडून द्याव्यात असे माझे म्हणणे नाही. जे चार लोकांपर्यंत पोहोचवायचे आहे ते तेथेच पोहोचते. पण प्रसिद्ध करणे आणि जपून ठेवणे ही दोन कामे आहेत. पहिल्यासाठी दुसऱ्याचा मंच चालतो. दुसऱ्यासाठी आपली पेटी हवी.

प्रत्येकाने सॉफ्टवेअर लिहावे असेही नाही. मात्र प्रत्येकाने ते घेताना तीन प्रश्न विचारावेत. माझा मजकूर नेमका कोठे राहतो? हे सॉफ्टवेअर उद्या बंद झाले तर तो मला वाचता येईल काय? आणि ज्याने तो सांगितला त्याने पुसायला सांगितले, तर तो खरोखर पुसता येईल काय? तिसरा प्रश्न मला कोणत्याही पुस्तकात मिळाला नव्हता.

मागच्या वर्षी त्या आजींनी पुन्हा बोलावले. त्यांच्या मुलाने ते शेत सोडले होते. त्यांना परत सांगायचे होते. ह्या वेळी आवाज घेण्यापूर्वी मी सांगितले, "आजी, हे तीन ठिकाणी राहील. कॉलेजात, ग्रंथालयाच्या कपाटात आणि शेजारच्या गावी एका मास्तरांकडे. तुमचं नाव वेगळ्या कुलपात राहील. पुसायला सांगितलंत तर तिन्ही ठिकाणचं पुसू, आणि पुसलं की तुम्हाला येऊन सांगू."

त्या म्हणाल्या, "मंग लावा तुमचं यंत्र."